पिकअपची ओढ अचानक गेली तर पंप उतरवण्याआधी काय बघायचं

आंब्याच्या पेट्या भरलेला पिकअप साखरप्याहून आंबा घाट चढायला लागतो. पहिली दोन-तीन वळणं व्यवस्थित जातात. मग पॅडल तळाला टेकलेलं असतानाही इंजिनाचा आवाज बसतो, तिसऱ्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा पहिला गिअर करावा लागतो, मागचा एसटीवाला हॉर्न वाजवू लागतो. कशीबशी गाडी वर पोचते, पाच-दहा मिनिटं उभी राहते, आणि सपाटीला लागल्यावर पुन्हा ठीक चालते. गॅरेजात मिस्त्री दोन वेळा रेस मारून सांगतो, ‘इंजिन तर मस्त चाललंय.’ पुढच्या खेपेला घाटात पुन्हा तेच.

अशा गाडीचा सगळ्यात आधी पंप उतरतो, आणि बहुतेक वेळा दोष पंपात नसतो. पंप हा इंधनाच्या वाटेवरचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात टिकाऊ भाग. त्याच्या आधी जाळ्या, नळ्या, फिल्टर, वायसर (जोडात घालायची चकती) असे दहा-बारा स्वस्त भाग येतात, आणि अचानक बिघडणारे तेच असतात. म्हणून तपास स्वस्ताकडून महागाकडे करायचा. पंपाची पाळी सगळ्यात शेवटी.

गॅरेजात दोष का सापडत नाही, ते आधी समजून घेऊ. अडीच लिटरचं जुनं डिझेल इंजिन जागेवर उभं असताना तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. तीच गाडी भरून, पॅडल पूर्ण दाबून चढाला लागली की तासाला बारा ते पंधरा लिटर मागते. अर्धा बुजलेला फिल्टर लिटरभर सहज सोडतो, पंधरा लिटर सोडत नाही. हवेचंही तसंच. एक लिटर डिझेल नीट जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस मारली तरी इंजिनावर भार येत नाही, त्यामुळे ते फारसं डिझेलही मागत नाही आणि टर्बोही (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) दाब धरत नाही. ओढीचा दोष भरलेल्या गाडीत, चढावरच तपासायचा. रिकाम्या गाडीची चाचणी घेऊन ‘काही नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली गाडी कोणत्या पिढीची आहे हे ठाऊक हवं. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर जुने पिकअप दोन जातींचे. एकात यांत्रिक पंप असतो, पॅडलची केबल थेट पंपाच्या लिव्हरला जाते आणि पंपातून प्रत्येक नोझलकडे (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे) वेगळी लोखंडी नळी निघते. जुने मिस्त्री याला अजून ‘मायको पंप’च म्हणतात. बॉश कंपनीचं भारतातलं नाव २००८ पर्यंत मायको होतं, ते तोंडी राहिलं. दुसरी जात कॉमन रेलची: पॅडलला केबलऐवजी वायर, सगळ्या नोझलना पुरवणारी एकच जाड रेल, आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा. बोलेरो पिकअपच्या एम-टू-डीआयसीआर या २५२३ सीसी इंजिनाच्या नावातलं शेवटचं ‘सीआर’ म्हणजे कॉमन रेलच. तपासाचा पहिला अर्धा भाग दोन्हींना सारखा लागू होतो. दुसऱ्या अर्ध्यात हात कुठे लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, हे मात्र पार बदलतं.

धूर काय सांगतो

बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरला विचारा की ओढ गेली तेव्हा मागून धूर कसा होता. त्याला ठाऊक नसेल तर एक माणूस दुसऱ्या गाडीने मागे पाठवा. रात्री मागच्या गाडीच्या दिव्यात धूर स्पष्ट दिसतो.

काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर जातंय पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही. एअर फिल्टर, टर्बोचा होस, टर्बो, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळका धूर परत इंजिनात सोडणारी झडप), किंवा फवारा नीट न करता धार सोडणारं नोझल, यांतलं काहीतरी. धूर अजिबात नाही आणि ओढही नाही, तर इंजिनाला डिझेलच कमी मिळतंय. इथे टाकी, फिल्टर, फिड पंप (टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंप), केबल बघायचं. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल: टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे गेलंय, डिझेलमध्ये पाणी आहे किंवा एखादा सिलिंडर जळतच नाही. पांढऱ्या धुराला गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगकडे) बघा. निळा धूर ऑइलचा, पिस्टनच्या रिंगांमधून किंवा टर्बोच्या सीलमधून येणारा.

या एका उत्तराने अर्धा तपास कमी होतो. धूर नसलेल्या गाडीचा टर्बो खोलून बसणं किंवा काळा धूर ओकणाऱ्या गाडीचा डिझेल फिल्टर बदलत राहणं, यात दिवस जातो आणि मजुरीही.

पॅडल पूर्ण दाबलं म्हणजे पंपही पूर्ण उघडला असं नाही

यांत्रिक पंपाच्या गाडीत ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि तरीही ती कोणी करत नाही. इंजिन बंद ठेवा. एकाला आत बसवून एक्सलेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि पंपावरच्या लिव्हरकडे बघा. लिव्हर शेवटच्या स्टॉप स्क्रूला टेकला पाहिजे. बोटाने त्याला आणखी पुढे ढकलता येत असेल, तर पॅडल तळाला जाऊनही पंप पूर्ण उघडत नाही. केबल ताणली गेली असेल, तिचं बाहेरचं आवरण क्लॅम्पमधून सरकलं असेल, किंवा पॅडलखाली जाड रबरी मॅट दुमडून बसलं असेल.

मग स्टॉप केबल बघा. नॉब ओढून बंद करायच्या गाड्यांमध्ये ही केबल गंजते आणि नॉब आत ढकलला तरी पंपावरचा स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येत नाही. इंजिन चालू राहतं, रेसही घेतं, फक्त वरची ताकद कापली जाते. केबल लिव्हरवरून सोडून गाडी चालवून बघा. ओढ परत आली तर केबलला ऑइल द्या, नाहीतर नवी घाला. तात्पुरती सोय म्हणून केबल काढून ठेवली असेल तर गाडी बंद कशी करायची ते ड्रायव्हरला दाखवून ठेवा.

डिझेलची वाट

धूर नसेल तर काम इथेच आहे. टाकीपासून सुरुवात करा. टाकीच्या झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक भोक किंवा व्हॉल्व्ह असतो. तो धुळीने बुजला की डिझेल जसजसं कमी होतं तसतसा टाकीत ओढा (आत खेचणारी पोकळी) तयार होतो आणि थोड्या वेळाने फिड पंपाला डिझेल खेचता येत नाही. याची चाचणी फुकट आहे. ओढ गेली की गाडी बाजूला घ्या आणि लगेच झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा ओढू लागली, तर दोष सापडला. पाच-दहा मिनिटं उभी राहिली की बरी होणारी गाडी बहुधा या जातीची असते, कारण तेवढ्या वेळात हवा हळूहळू आत शिरते. टाकीतल्या जाळीचंही लक्षण हेच. तळाचा गाळ ओढीने जाळीला चिकटतो, गाडी उभी राहिली की सुटून खाली बसतो आणि चालू लागल्यावर पुन्हा चिकटतो.

पुढे फिड पंप. त्याच्या तोंडाशी काही गाड्यांमध्ये काचेची किंवा पत्र्याची वाटी आणि आत बारीक जाळी असते. ही जाळी वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. उघडून डिझेलमध्ये धुवा आणि वाटीचं रबरी रिंग नवं घाला. जुनं रिंग परत बसवलं तर हवा घेतं.

मग फिल्टर. जुन्या गाड्यांत दोन वाट्या असतात, पहिलीत कापडी आणि दुसरीत कागदी फिल्टर. पहिला स्वस्त म्हणून तोच बदलायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, ही सवय महागात पडते, कारण बारीक गाळ दुसऱ्यातच अडकतो. दोन्ही एकदम बदला. वाटीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली जाऊन वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात, किंवा टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठ-आठ दिवस उभी करणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं. काळा, चिकट, शेवाळासारखा गाळ निघाला तर नुसता फिल्टर बदलून चालणार नाही, टाकी उतरवून धुवायला हवी. नाहीतर नवा फिल्टर पंधरा दिवसांत पुन्हा बुजतो आणि दोष कंपनीच्या फिल्टरला दिला जातो.

आता हवा पकडण्याचा भाग, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. टाकीपासून फिड पंपापर्यंतची नळी ओढणाऱ्या बाजूला असते, म्हणजे तिच्यात दाब नसतो, उलट ओढा असतो. त्या नळीला भेग पडली तर इंजिन चालू असताना बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, हवा मात्र आत जाते. म्हणून ‘कुठेच लिकेज नाही’ हे वाक्य या बाजूला निरर्थक आहे. सकाळी पहिल्यांदा सेल्फ जास्त मारावा लागतो, इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं आणि मग पुन्हा लागतं, ही हवेची खूण. ज्या गाड्यांत वेगळा फिड पंप नसतो आणि रोटरी पंप स्वतःच टाकीतून डिझेल खेचतो, त्यांना हा त्रास जास्त होतो.

हे डोळ्यांनी बघायचा सोपा उपाय आहे. डिझेलला टिकणारी पारदर्शक प्लॅस्टिक नळी, आतलं माप मूळ नळीइतकंच, वीतभर लांब घ्या. फिल्टरमधून पंपाकडे जाणारी नळी सोडून मध्ये ही बसवा, दोन्हीकडे क्लिप आवळा, हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा पंप) मारून एअर काढा आणि इंजिन चालू करा. पहिल्या मिनिटाला थोडे बुडबुडे येतात, ते चालतात. पाच मिनिटांनीही साखळीसारखे बुडबुडे येत असतील तर मागे कुठेतरी हवा शिरते आहे. मग हीच नळी एकेक जोड मागे सरकवत न्यायची: फिल्टरच्या आधी, फिड पंपाच्या आधी, टाकीजवळ. जिथे बुडबुडे थांबतात, तिथे आणि त्याआधी बघितलेल्या जागेच्या मधला जोड खराब. बहुतेक वेळा ते बेंजो बोल्टचं (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचं) पुन्हा वापरलेलं तांब्याचं वायसर असतं किंवा चॅसीला घासून झिजलेला रबरी पाईप. तांब्याचं वायसर एकदा दाबलं गेलं की पुन्हा नीट बसत नाही. दर वेळी नवंच घाला.

यानंतरही खात्री पटत नसेल तर डब्याची चाचणी करा. माझ्या मते जुन्या डिझेल गाडीवर एकच चाचणी करायची असेल तर ती हीच. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या, गाळलेलं डिझेल भरा, आणि तो पंपापेक्षा उंच जागी, सायलेन्सर आणि गरम भागांपासून दूर, दोरीने घट्ट बांधा. केबिनच्या आत ठेवू नका. फिड पंपाला टाकीकडून येणारी नळी सोडून तिथे डब्याची नळी लावा. परतीची नळीही डब्यातच सोडा, नाहीतर डबा भरभर रिकामा होईल. एअर काढा आणि भरलेली गाडी त्याच चढावर न्या. ओढ परत आली तर दोष टाकी, झाकण, जाळी किंवा टाकीपासूनच्या नळीत आहे. पुढचं काहीही खोलायची गरज नाही. ओढ आली नाही तर डब्याची नळी फिड पंप वगळून थेट फिल्टरच्या तोंडाला लावा आणि पुन्हा चढा. आता ओढली तर फिड पंप गेला. तरीही ओढत नसेल आणि फिल्टर नवा असेल, तर डिझेल इथपर्यंत येतंय हे नक्की, आणि संशय पुढे सरकतो. तास-दीड तासात टाकीची पूर्ण बाजू दोषी किंवा निर्दोष ठरते, तीही एकही भाग विकत न घेता.

हवेची वाट

काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर काढा. कागदी फिल्टरच्या आत टॉर्च धरून बघा. प्रकाश बाहेर दिसत नसेल तर फेकून द्या. ऊसतोडीच्या हंगामात पाचटाची भुकटी आणि कच्च्या रस्त्याची धूळ यामुळे फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या अर्ध्यातच भरतो. काँप्रेसरने मारायचा तर हलक्या दाबाने आणि आतून बाहेर. बाहेरून आत मारलं तर धूळ कागदात रुतते. फिल्टर काढून गाडी चालवून बघायचा मोह टाळा, एका कच्च्या रस्त्यात टर्बोची पाती खराब होतात. फिल्टरच्या तोंडाच्या पाईपातही हात घाला. चिंध्या आणि उंदराचं घरटं दोन्ही निघू शकतं.

अचानक, एका क्षणात ओढ गेली, ‘फट्ट’ असा आवाज आला आणि मागे काळा ढग उठला, तर शोध टर्बोनंतरच्या होसपासून सुरू करा. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) असेल तर त्यातून, नसेल तर थेट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपात) जाते. रबरी होस ऑइलने मऊ होतो, क्लिप ढिली पडते आणि चढावर दाब आला की होस निसटतो. हे सहज दिसतं. न दिसणारा प्रकार वाईट: होसच्या खालच्या बाजूला, पट्टीच्या आड उभी भेग असते. थंड इंजिनावर ती मिटलेली असते आणि दाब आला की ओठांसारखी उघडते. इंजिन बंद करून होस हाताने पिळून, वाकवून, खालून बघा. आणखी एक प्रकार म्हणजे होसचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येणं. बाहेरून होस अगदी नवा दिसतो, म्हणून शंका असेल तर काढून आत बोट फिरवा. आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. वाटीभर ऑइल निघालं तर टर्बोची सील किंवा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बघा.

टर्बो तपासायचा तर इंजिन थंड असताना होस काढून पातं बोटाने फिरवा. सहज फिरलं पाहिजे. शाफ्ट वर-खाली किंचित हलणं चालतं, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो. आत-बाहेर हललेला जाणवला किंवा पातं घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो संपला. नवा बसवण्याआधी तो का गेला ते बघा. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी जळक्या ऑइलने बुजलेली असेल आणि तीच परत वापरली, तर नवाही फार दिवस टिकत नाही. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करणाऱ्यांच्या गाडीत ही नळी लवकर बुजते. दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा.

टर्बोची सील पार फुटली तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन आपोआप रेस घेऊ लागतं, दाट निळा-पांढरा धूर येतो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन दाबून बंद करायचं, नाहीतर जाड फळीने हवेचं तोंड बंद करायचं. हात किंवा कापड लावायचं नाही, ओढा इतका असतो की दोन्ही आत खेचली जातात.

काही टर्बो गाड्यांच्या यांत्रिक पंपावर पत्र्याची चपटी डबी असते आणि मॅनिफोल्डपासून तिला एक बारीक नळी येते. टर्बोचा दाब वाढला की डबीतला रबरी पडदा खाली दबतो आणि पंप जास्त डिझेल देतो. ही नळी निघाली, चिरली किंवा पडदा फाटला तर टर्बो ठणठणीत असूनही गाडी बिनटर्बोच्या गाडीसारखी चालते, आणि धूरही येत नाही. नळी काढून तोंडाने फुंकून बघा. हवा धरून राहिली तर ठीक, आरपार गेली तर पडदा गेला. पाच रुपयांच्या नळीपायी पंप वर्कशॉपला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

इंजिन ठीक, पण गाडी धरली गेलीय

हे पटकन संपवू. दहा-पंधरा किलोमीटर जाऊन थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक भाजत असेल तर त्याचा ब्रेक धरून बसलाय. चढावर वरच्या गिअरमध्ये पॅडल दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतोय. सायलेन्सरला ठोका मारल्यावर आत काही खुळखुळलं, तर आतला पडदा सुटून वाट बंद करत असू शकतो.

कॉमन रेलच्या गाडीत

इथे एक नियम पाठ करून ठेवा. इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा (या गाडीतल्या नोझलचा) कोणताही नट ढिला करायचा नाही. चालत्या इंजिनात आयडललाही २५०-३०० बारच्या आसपास आणि भाराखाली हजाराच्या वर दाब असतो. त्या दाबाची केसाएवढी धारही कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण लगेच दवाखाना गाठला नाही तर बोट जाऊ शकतं. यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर शिकलेले जुने कारागीर सवयीने नट सोडायला जातात, त्यांना थांबवा.

या गाडीची ओढ एका ठरावीक रेसच्या वर एकदम अडकली आणि चावी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केल्यावर परत आली, तर इंजिनाच्या कॉम्प्युटरने स्वतःच ताकद कापली आहे. स्कॅनर (कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. कोड पुसून ‘बघू परत येतो का’ म्हणणं म्हणजे पुरावा धुऊन टाकणं.

पी ००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी. हा कोड दिसला की हाय-प्रेशर पंप बदलायचा सल्ला मिळतो, पण त्याचं पहिलं कारण बुजलेला डिझेल फिल्टर किंवा ओढणाऱ्या नळीतली हवा हेच असतं, म्हणजे वरची झाकणाची आणि नळीची तपासणी इथेही लागू. नवा फिल्टर बसवताना त्यात डब्यातलं डिझेल ओतून भरू नका, न गाळलेला कण थेट इंजेक्टरपर्यंत जातो. प्रायमरनेच भरा. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी: आधी होस, मग टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब कमी-जास्त करणारा भाग) आणि दाब मोजणारा सेन्सर, ज्याच्या तोंडावर काजळी आणि ऑइल साचतं. पी २१३८ म्हणजे पॅडलच्या सेन्सरचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. पॅडलचा प्लग आणि वायर आधी बघा. इंजिनाच्या वायरिंगवर उंदरांचा डोळा असतो.

दाब तरीही चढत नसेल तर इंजेक्टरच्या परतीची चाचणी. प्रत्येक इंजेक्टरची परतीची बारीक नळी काढून वेगवेगळ्या सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन दोन मिनिटं आयडलला चालवा आणि चारही पातळ्या शेजारी ठेवून बघा. एक बाटली इतरांपेक्षा दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर रेलमधलं डिझेल आतल्या आत सांडतोय. दाब पंपाने बनवला, पण राहिला नाही.

आता नोझल, कॉम्प्रेशन, आणि मग पंप

यांत्रिक गाडीत एखादा सिलिंडर मेला की चौथाई ताकद जाते आणि इंजिन थरथरतं, त्याला मिसिंग म्हणतात. आयडलवर एकेका नोझलच्या नळीचा नट, बहुतेक १७ किंवा १९ नंबरच्या पान्याने, अर्धा आटा ढिला करा. वर जाड फडकं टाका, चष्मा घाला, आणि धारेसमोर हात नेऊ नका. ज्याचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवून चाचणी पुन्हा घ्या. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. भसाभस धूर येऊन झाकण उडालं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा झिजल्यात. पण झिजायला महिने-वर्षं लागतात. कालपर्यंत ओढणारी गाडी आज बसली तर रिंगांवर संशय घेण्यापेक्षा हेड गॅस्केट बघा: इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधली हवा पाण्यात जाते आहे. कॉम्प्रेशन मोजलंच तर डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात गरम असताना साधारण २५ ते ३० बार अपेक्षित असतं, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. एकूण आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो.

हे सगळं नीट निघालं तरच पंप. पंपावरचा सीलबंद स्क्रू फिरवून ‘पंप वाढवून’ देणारे पुष्कळ भेटतील. गाडी दोन दिवस ओढते, काळा धूर वाढतो, सायलेन्सरची उष्णता वाढते आणि मग पिस्टनचं डोकं वितळतं. मूळ दोष होता तिथेच असतो.

पंप उतरवताना जोडाच्या दोन्ही भागांवर टायमिंगची खूण पंच मारून ठेवा. नोझलही सोबत द्या, कारण पंप नवा आणि नोझल जुनी असतील तर माप कुणाचं चुकलं ते कळत नाही. पंपवाल्याकडून चाचणीच्या मशीनवरची चिठ्ठी मागा: खोलण्याआधी किती रेसला चारही नळ्यांतून किती मिलिलिटर डिझेल आलं, आणि दुरुस्तीनंतर किती. आधीच्याच चिठ्ठीत चारही आकडे मापात आणि एकमेकांना जुळलेले असतील तर पंप खोलू देऊ नका. तसाच परत आणा, बसवा, आणि डब्याची चाचणी पुन्हा एकदा भरल्या गाडीने घ्या.